न सुटणारा ब्रेक : पिकअपच्या मागील ड्रम ब्रेकचा एक अभ्यास

गाडी वेळेवर थांबणार नाही, ही भीती प्रत्येक चालकाच्या मनात असते. थांबलेले चाक वेळेवर मोकळे होणार नाही, या गोष्टीची मात्र फारशी कोणी धास्ती घेत नाही. पेडलवरून पाय उचलल्यानंतरही पिकअपचे मागील चाक अडखळत राहिले, तर ‘ब्रेक जरा पकडतोय’ एवढे म्हणून दिवसाची फेरी पूर्ण केली जाते. आमच्या मते ही दोन्ही दुखणी एकाच साखळीची दोन टोके आहेत. आज जो ब्रेक सुटत नाही, तोच उद्या उतारावर लागत नाही. हे कसे घडते आणि अशा वेळी कोणत्या क्रमाने शोध घ्यावा, हे या पाठात पाहावयाचे आहे.

स्मरणिकेत असा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उभी असलेली पिकअपची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वाहन म्हणजे किती घरांची चूल आहे, हे सांगावे लागणार नाही. शिवाय या यंत्रात नववी-दहावीच्या विज्ञानातील बरेच काही प्रत्यक्ष कामाला लागलेले दिसते. तेव्हा चालक, पालक आणि विद्यार्थी या तिघांनीही हा पाठ आपापल्या परीने वाचावा.

रचना आणि तिचे कार्य

ड्रम ब्रेकची आजची ओळखीची रचना १९०२ साली फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी वापरात आणली, असे मानले जाते. आज पुढील चाकांना डिस्क आणि मागील चाकांना ड्रम, अशी व्यवस्था बहुतेक पिकअप गाड्यांत असते. २००५ साली बाजारात आलेला टाटा एस आणि महिंद्राची बोलेरो पिकअप ही तिची परिचित उदाहरणे होत. ड्रम स्वस्त असतो, त्यात हँडब्रेकची सोय सहज होते आणि जड मालाला तो पुरेसा पडतो. म्हणून तो टिकून आहे.

चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या ड्रममध्ये अर्धचंद्राकृती दोन शू असतात. त्यांच्या बाहेरील अंगास लायनर चिकटवलेला किंवा रिव्हेटने बसवलेला असतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब येतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या नियमानुसार तो व्हील सिलिंडरपर्यंत जातो, तेथील पिस्टन बाहेर सरकतात आणि शू ड्रमला टेकतात. फिरता ड्रम पुढील शूला आणखी ओढून घेतो. त्यामुळे कमी दाबात जास्त पकड मिळते. पाय उचलला की तेल मागे फिरते आणि स्प्रिंग शूंना परत ओढतात.

यातील शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. ब्रेक लावण्याचे काम चालकाचा पाय करतो. सोडण्याचे काम मात्र स्प्रिंगवर आणि तेलाच्या मोकळ्या वाटेवर सोपवलेले असते. लावणारे बळ मोठे, सोडणारे बळ लहान. म्हणून थोडा गंज, थोडा चिकट मळ किंवा थोडी फुगलेली रबरी वाटी एवढ्यानेही सुटका अडते. कारणावाचून कार्य नाही, हा विचार आपल्या वाचकांना नवा नाही. येथे तो पान्याने आणि हाताने तपासून पाहावयाचा आहे.

उष्णतेचा हिशेब

मालासह सुमारे ३ टन वजनाची पिकअप ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ४ लाख १७ हजार ज्यूल होते. एकदा पूर्ण थांबताना एवढी उष्णता चारही ब्रेकना पचवावी लागते. तिच्यात सव्वा लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत जाईल. ही झाली क्षणभराची गोष्ट. त्यानंतर वाऱ्याने ड्रम थंड होतो.

आता चिकटलेल्या ब्रेकचे गणित पाहू. एखादे चाक अवघ्या २०० न्यूटन बळाने, म्हणजे साधारण २० किलो वजनाच्या ओढीने अडत असेल, तर त्याच वेगाला तेथे सुमारे ३,३०० वॅट उष्णता सतत निर्माण होते. घरातील ३ किलोवॅटचा गिझर अखंड चालू ठेवून तो चाकात बसवावा, तशी ही अवस्था आहे. चालकाला ओढ जाणवत नाही, डिझेल थोडे जास्त जाते, आणि ड्रम मात्र तापतच राहतो.

तापलेल्या ड्रममुळे बेअरिंगचे ग्रीस पातळ होते, ऑइल सील कडक पडते, लायनरवर चकाकी येऊन त्याची पकड जाते. सर्वांत मोठा धोका ब्रेक ऑइलचा. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, तर डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो. परंतु हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. पुरेसे पाणी मुरले की हे किमान आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येतात. व्हील सिलिंडरमध्ये तेल उकळले की वाफ तयार होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दबते. मग पेडल खोल जाते आणि मागचा ब्रेक हवा तेव्हा मिळत नाही. न सुटणारा ब्रेक न लागणारा होतो, तो असा.

पुण्याचा पाऊस आणि पुण्याचे उतार

आपल्या शहराच्या भूगोलात या बिघाडाची दोन्ही टोके सापडतात. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातील रस्ता बंद होतो. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात पाणी शिरले, तेव्हा उभी वाहने बुडाली. अशा पुरानंतर मालक इंजिन उघडून पाहतो, सीट वाळवतो; ड्रममध्ये साचलेला गाळ मात्र तसाच राहतो. बिडाच्या ड्रमवर गंज चढण्यास एक ओली रात्र पुरते. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल, तर लायनर आणि ड्रम एकमेकांना धरून बसतात.

दुसरे टोक उताराचे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा महामार्ग, दिवे घाट, बोरघाट या वाटा मालवाहू गाड्यांची परीक्षा घेतात. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. त्या अपघाताचे कारण चिकटलेला ब्रेक होते, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. उताराच्या तळाशी किती माणसे आपल्या ब्रेकवर विसंबून उभी असतात, एवढेच त्यावरून ध्यानी घ्यावे.

शोधाचा क्रम

गॅरेजमध्ये पुष्कळदा चाक अडले की थेट ड्रमवर हातोडा पडतो. कारण वेगळ्याच जागी असेल, तर ते ‘जखम मांडीला, मलम शेंडीला’ असे होते. त्याऐवजी पुढील क्रम धरावा.

प्रथम प्रश्न : एक चाक अडते की दोन्ही? आठ-दहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून गाडी चालवावी आणि दोन्ही ड्रमजवळ हाताची मागची बाजू न टेकवता धरावी. एकच तापले असेल, तर दोष बहुधा त्याच ड्रममध्ये किंवा त्या बाजूच्या हँडब्रेक केबलमध्ये असतो. दोन्ही तापली असतील, तर दोष दोघांच्या सामाईक वाटेत शोधावा : मास्टर सिलिंडर, चासीकडून मागील ॲक्सलकडे येणारा रबरी होस पाइप किंवा हँडब्रेकची मुख्य केबल.

त्यानंतर सपाट जागी पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावावी, मागील बाजू जॅकने उचलून घोडीवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला असावा. डिफरन्शियलमुळे एक चाक फिरवल्यास दुसरे उलट फिरते आणि थोडी जडही लागते. तो दोष समजू नये.

दुसरा प्रश्न : अडवणूक तेलाची की यंत्राची? सोबत्याने पेडल दाबून सोडावे. चाक अडले, की त्या चाकाचा ब्लीडर किंचित सैल करावा. तेल जोराने उडून चाक मोकळे झाले, तर दाब आत अडकून राहिला होता. मग ब्लीडर बंद करून पेडल पुन्हा दाबावे-सोडावे आणि मास्टर सिलिंडरजवळ मागील पाइपची जोडणी जराशी सैल करावी. चाक सुटले, तर दोष मास्टर सिलिंडरचा : परतीचे बारीक छिद्र बुजलेले असेल किंवा पेडलला मोकळी चाल उरलेली नसेल. चाक सुटले नाही, तर होस पाइप आतून फुगला आहे. दाबाने तेल पुढे जाते, पण स्प्रिंगच्या बळाने मागे येत नाही. बाहेरून तो पाइप धडधाकट दिसतो, हे विशेष.

तिसरा प्रश्न : ब्लीडर उघडूनही चाक अडलेलेच असेल, तर हँडब्रेक केबल सैल करून पाहावी. चाक सुटले, तर केबल आवरणात गंजली आहे. तरीही न सुटल्यास मगच ड्रम उघडण्याची वेळ आली, असे समजावे.

ड्रम उघडल्यावर

ड्रम निघत नसेल, तर मागील प्लेटच्या छिद्रातून ॲडजस्टर मागे फिरवून शू आत घ्यावेत. अनेक ड्रमवर आटे पाडलेली दोन छिद्रे असतात. त्यांत बोल्ट सारखे आवळत गेल्यास ड्रम सरळ बाहेर येतो. बिडाच्या कडेवर घाव घालू नये, ती तडकते. आतील भुकटी हवेच्या झोताने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसांचा घात करते. भुकटी ओली करून फडक्याने पुसावी व फडके पिशवीत बांधून टाकावे. शिकाऊ मुलांकडून हे काम कोरड्या फुंकरीने करवून घेतले जाते, तेथे मोठ्यांनी आवर्जून हटकावे.

एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू नमुना म्हणून जशीच्या तशी राहते. मग पाहावे : स्प्रिंग सैलावल्या किंवा उष्णतेने निळसर झाल्या आहेत काय? मागील प्लेटवर शू ज्या उंचवट्यांवर घासतात, तेथे खाचा पडल्या आहेत काय? व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलल्यास आत ओल आहे काय? पिस्टन हाताने सरकतो काय? ॲडजस्टरचे आटे फिरतात काय? हँडब्रेकचा आतील लिव्हर पूर्ण मागे येतो काय?

स्प्रिंग बदलावयाच्या तर दोन्ही बाजूंच्या बदलाव्यात. उंचवटे साफ करून तेथे ब्रेकसाठीचेच उष्णतारोधक ग्रीस अगदी पातळ लावावे. लायनरला त्याचा स्पर्श होऊ नये. गंजलेला सिलिंडर घासून पुन्हा वापरण्यापेक्षा नवा बसवावा. रबरी भाग डिझेल, पेट्रोल वा इंजिन ऑइलने कदापि धुऊ नयेत. त्याने ते फुगतात आणि दुखणे पुन्हा उभे राहते. जोडणी झाल्यावर आधी शूचे अंतर, मग तेलातील हवा काढणे, आणि सर्वांत शेवटी हँडब्रेक केबलचा ताण, हा क्रम मोडू नये. शेवटी रिकाम्या रस्त्यावर कमी वेगाने ब्रेक तपासून पुन्हा दोन्ही ड्रमची उष्णता पाहावी.

सवयी आणि जबाबदारी

पाण्यातून गेल्यावर किंवा गाडी धुतल्यावर काही अंतर हळू जात ब्रेक हलकेच लावून ड्रम वाळवावेत. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस सपाट जागी उभी राहणार असेल, तर पहिला गिअर टाकून चाकाला लाकडी ओट लावावी आणि हँडब्रेक सोडावा. उतारावर मात्र हँडब्रेक हवाच. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी, अथवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे बदलावे, आणि प्रत टाकीच्या झाकणावर लिहिलेली तीच वापरावी.

एक जुगाड मात्र कोणीही करू नये. चाक पकडते म्हणून मागील पाइप दाबून बंद करणे, किंवा शू इतके सैल करणे की ते ड्रमला टेकूच नयेत, हा उपाय काही ठिकाणी सहज सुचवला जातो. गाडी त्याने हलकी चालते आणि मालकाला दुरुस्ती झाल्यासारखे वाटते. वास्तविक तेथे दुखणे बरे झालेले नसते, अवयव काढून टाकलेला असतो. भरलेल्या पिकअपचा बराचसा भार मागील चाकांवर असतो. तेथील ब्रेक गेला की उतारावर सारे ओझे पुढील दोन चाकांवर येते.

हप्ता, डिझेल आणि टोल भागवून हाती चार पैसे उरवणाऱ्या मालकाला एक दिवस गाडी उभी करणे जड जाते, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणूनच हा क्रम शिकून घ्यावा, असे आम्ही सुचवतो. कारण नेमके सापडले, तर पुष्कळदा एका केबलवर वा एका होस पाइपवर काम भागते. न सापडले, तर ड्रम, शू, सिलिंडर सारे बदलूनही चाक पुन्हा तापते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या हाती पाना आहे, त्यांनी हा क्रम आपल्याकडील शिकाऊ मुलाला एकदा करून दाखवावा. ज्यांच्या हाती स्टिअरिंग आहे, त्यांनी फेरी संपल्यावर दोन्ही मागील चाकांजवळ क्षणभर थांबून हाताने उष्णता पाहण्याची सवय लावून घ्यावी. त्यास पैसा लागत नाही, आणि वेळ अर्ध्या मिनिटाहून अधिक जात नाही.