ताकद जमिनीला लागली पाहिजे

मावळात आषाढ लागला की आमच्या खाचरांकडे जाणारी वाट चिखलात जाते. ट्रॅक्टर तिथवर न्यायचा म्हणजे वाट आणखी उखडायची, म्हणून खत, डिझेल, पंप न्यायला एक एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेची छोटी चारचाकी, घेतली, ५०० सीसीची. कोरड्यात मस्त पळायची. चिखलात ओझं घातलं की दम कोंडायचा. ‘खालचं पुलिंग’ वाढवायच्या नादात मी या गाडीच्या बऱ्याच आत शिरलो, तेव्हा उमगलेलं हे.

१. ताकद इंजिनात असते, पण चिखलाशी गाठ पडते ती चाकाची. या दोघांच्या मध्ये काय घडतं यावर सगळं ठरतं. गाडीला ‘एच’ आणि ‘एल’ असे दोन टप्पे असतात. ‘एल’ला चाक सावकाश फिरतं आणि तेवढ्या प्रमाणात ओढ वाढते. शिवाय इंजिनाची ताकद चाकाकडे नेणाऱ्या बेल्टवरचा ताण कमी होतो. ‘एच’मध्ये ओझं घेऊन रांगत राहिलं की बेल्ट पुलीवर घसरतो, तापतो आणि जळक्या रबराचा वास येतो. चिखल दिसला की थांबून ‘एल’ टाकायचा, हा पैसा न लागणारा उपाय बाकी सगळ्यांहून मोठा आहे.

२. मोठे टायर ताकद खातात. चिखल म्हटलं की पहिला सल्ला मोठ्या टायरचा मिळतो, आणि तो खोटाही नाही: २५ इंचांच्या जागी २८ इंची टायर टाकले की गाडीचं पोट दीड इंच वर उचललं जातं. पण चाकाचा घेर १२ टक्क्यांनी वाढतो. एका फेऱ्यात जास्त अंतर कापायचं म्हणजे जमिनीवरची ओढ तितकी उतरणारच, साधारण ११ टक्के. वर खोल खाचांच्या टायरचं वजन असतं ते वेगळं. इंजिनात काही बिघाड नसताना गाडी अशी अचानक अशक्त वाटू लागते.

३. ही गेलेली ओढ परत मिळते बेल्टच्या डब्यात, आणि त्या डब्याची ओळख आपल्याकडे गावोगावच्या गॅरेजांना आहे, याचं मला फार नवल वाटलं. १९८४ साली कायनेटिक होंडा आली तेव्हापासून बिनगिअरच्या स्कूटरमागे हीच यंत्रणा आहे. पुढच्या पुलीत वजनं बसवलेली असतात. काही कंपन्यांत रोलर, काहींत बिजागरीवर झुलणारी. इंजिनाचे फेरे वाढले की ती बाहेर फेकली जातात, पुलीच्या दोन बशा जवळ येतात, बेल्ट वर सरकतो आणि गाडी आपोआप वरच्या गिअरला जाते. वजनं हलकी केली की बेल्ट वर चढायला इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागतात. तोवर गाडी खालच्याच गिअरात राहून ओढते. मागच्या पुलीची स्प्रिंग थोडी कडक घेतली तर लोड येताच बेल्ट चटकन परत खाली येतो. चिखलात नेमकं हेच हवं असतं.

पण वजनं बदलायच्या आधी जुनी पाहावीत. कामशेतच्या मेकॅनिकने डबा उघडला, एक रोलर काढून कापडाने पुसला आणि अंगठ्याने टेबलावर ढकलला. तो अर्धा वळसा घेऊन थांबला. “बघा भाऊ, लोळत नाही, बसतोय.” एका बाजूने झिजून तो चपटा पडला होता. नवे रोलर मूळच्याच वजनाचे टाकले तरी फरक हाताला लागला. त्याहून हलके मी नंतर टाकले. त्याची किंमत कोरड्या वाटेवर मोजावी लागते: इंजिन ओरडतं, पेट्रोल जास्त जातं. वर्षातले चार महिने मला ती मान्य आहे.

४. मोकळा सायलेन्सर चिखलासाठी नाही. त्याने मिळालीच तर वरच्या फेऱ्यांना थोडी ताकद मिळते. खालची बहुधा उतरते. आणि डोंगरांमधल्या गावात तो आवाज गुरांनी आणि माणसांनी का सोसावा?

५. ओल्या बेल्टला ओढ नसते. डब्याची हवा घेणारी नळी उंच नेणं, वॉशर आणि क्लिपा तपासणं, तळाचं बूच उघडून पाणी काढणं ही कामं रोलरइतकीच पुलिंगची आहेत. पाण्यातून काढल्यावर गिअरचं तेलही पाहतो. ते चहासारखं दुधट झालेलं दिसलं तर त्या दिवशी गाडी घरी.

६. सगळा चिखल सारखा नसतो. लाल मातीचा चिखल निसरडा असतो, पण खाली घट्ट थर लागतो. तिथे सावकाश, एका लयीत गेलं की टायरच्या खाचा धरतात. काळी माती खाचांमध्ये भरून बसते आणि टायर गुळगुळीत करून टाकते. तिला झटकायला चाक थोडं वेगाने फिरावं लागतं. टायरात हवा कंपनीने सांगितलेल्या किमान आकड्याला ठेवतो, आमच्या गाडीला ती ५ पीएसआय आहे. पुढे सरकणं थांबलं की ॲक्सिलरेटर सोडायचा. नाही तर चाकं खड्डा खणतात आणि पोट टेकतं. हॅण्डल डावी-उजवीकडे हलवलं तर टायरच्या कडांना कधीकधी धर मिळतो.

७. खाचरात मात्र ताकद असूनही गाडी घालायची नाही. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने खाली घट्ट थर बनतो आणि तोच भाताचं पाणी धरून ठेवतो. मोठ्या खाचांचे टायर नेमके त्या थराला ओरबाडतात. बांध फुटला तर पाणी खालच्या शेजाऱ्याच्या लावणीवर जातं. म्हणून आमची वाट आता खाचरं टाळून ओढ्याच्या खडकाळ काठाने जाते. लांब पडते, आणि तिथे ‘एल’मध्ये मूळचे टायरही पुरतात.