आयुर्वेद महाविद्यालयाची निवड : पालकांना कोणता सल्ला द्यावा?

दरवर्षी 'नीट'चा निकाल लागला की वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगाव येथील वैद्यांच्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत पालकांची पृच्छा सुरू होते : "मुलीला बी.ए.एम.एस.ला कोठे घालावे?" साडेचार वर्षे अध्ययन व एक वर्ष आंतरवासिता, असा हा साडेपाच वर्षांचा प्रश्न आहे. निवड चुकल्यास पदवी मिळते, परंतु हात तयार होत नाही. म्हणून या सल्ल्याचे निकष येथे मांडीत आहोत.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात, वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राची व नंतर आचार्याची परीक्षा करावी, असे सांगितले आहे. आचार्य केवळ पठित नसावा. त्याने प्रत्यक्ष कर्म पाहिलेले असावे, त्याचा हात सिद्ध असावा व त्याच्यापाशी उपकरणे असावीत. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेदनाचा सराव सांगितला आहे, तो याच हेतूने. सारांश, निवड इमारतीची नव्हे. आचार्य व कर्माभ्यास यांची करावयाची आहे.

आपल्या परिसरातील पर्याय

जिल्ह्यात सालोड (हिरापूर) येथे महात्मा गांधी आयुर्वेद महाविद्यालय असून ते अभिमत विद्यापीठाचा घटक आहे. तेथील प्रवेश आयुषच्या केंद्रीय समुपदेशनातून होतात. नागपूरचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व श्री आयुर्वेद महाविद्यालय, तसेच अमरावती व यवतमाळ येथील महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांच्या राज्य कोट्याच्या जागा राज्य सीईटी कक्षामार्फत भरल्या जातात. दोन्ही ठिकाणी नोंदणी स्वतंत्र करावी लागते, हे पालकांना आधीच सांगावे. राज्यातील खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. अभिमत विद्यापीठे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणून संपूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क, वसतिगृह व अनामत यांचा आकडा लेखी मागावा.

परीक्षणाचे मुद्दे

१) मान्यता : २०२० च्या कायद्यान्वये राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग आला व २०२१ पासून त्याने पूर्वीच्या केंद्रीय परिषदेची जागा घेतली. त्या वर्षी किती जागांना परवानगी आहे, हे आयोगाच्या यादीत पाहावे. तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

२) रुग्णालय : २०१६ च्या किमान मानकांनी ६० जागांसाठी ६० खाटा व रोज सरासरी १२० बाह्यरुग्ण, तर १०० जागांसाठी १०० खाटा व २०० बाह्यरुग्ण ठरविले होते. पुढे नवी मानके आली, तरी अंदाज घेण्यास हे माप उपयुक्त आहे. कामाच्या दिवशी, पूर्वसूचना न देता, सकाळी दहाच्या सुमारास जाऊन बसावे. रांग खरी आहे काय, आंतररुग्ण कक्षात रुग्ण आहेत काय, हे डोळ्यांनी दिसते.

३) पंचकर्म : द्रोणी तेलकट आहे की कोरडी, हे पाहावे. वमन, बस्ती किती होतात व विद्यार्थी स्वतः करतात काय, हे अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांस विचारावे.

४) रचनाशारीर, द्रव्यगुण, रसशाळा : शवविच्छेदन प्रत्यक्ष होते काय, उद्यानातील वनस्पती हाताळावयास मिळतात काय, भट्टी पेटते काय?

५) उपस्थिती : "वर्गात आले नाही तरी चालेल" असे कोणी सांगितल्यास तेथून परतावे. हे आमिष नसून इशारा आहे.

औषधी दुकानदारांस विनंती

कोणत्या रुग्णालयात क्वाथचूर्णे, तैले, घृते नियमित खपतात, हे आपणास कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा अधिक कळते. जेथे शंभर खाटा आहेत, पण महिनोन्महिने महानारायण तेलाची मागणी नाही, तेथील खाटा कागदावरच असाव्यात, ही शंका रास्त आहे. कोणाची निंदा न करता, खपाचा हा निकष पालकांना अवश्य समजावून सांगावा.

निष्कर्ष

प्रथम मान्यता, नंतर रुग्णसंख्या व आचार्य, त्यानंतर शुल्क, आणि शेवटी घरापासूनचे अंतर, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. पालक बहुधा तो उलटा लावतात. आज ज्या मुलीस आपण मार्ग दाखवू, तीच उद्या आपल्या गावी चिकित्सालय उघडणार आहे. तिच्या हातून बस्ती नीट दिली जाईल काय, यावरच गावकऱ्यांची आयुर्वेदावरील श्रद्धा ठरेल.