नववीचा खर्च : काय घ्यावे, काय टाळावे

सरकारी, जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तके मोफत मिळतात. नववीपासून ती विकत घ्यावी लागतात. जूनमध्ये दुकानदार पुस्तकांचा संच बांधता बांधता विचारतो, ‘गाइडपण देऊ ना?’ पालक मान हलवतात आणि बिल तिथेच फुगते. म्हणून दुकानात जाण्याआधी विषय समजून घ्या.

मूल काय शिकते?

राज्य मंडळाच्या नववीत तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे हे मुख्य विषय आहेत. गणिताची पुस्तके दोन. भाग १ मध्ये बीजगणित आहे : संच, वास्तव संख्या, बहुपदी. भाग २ मध्ये भूमिती आहे आणि त्रिकोणमितीची ओळख इथेच होते. विज्ञानाची सुरुवात गतीच्या नियमांनी होते. इतिहासात स्वातंत्र्योत्तर भारत येतो. भूगोलात नकाशा काढायला आणि वाचायला शिकवतात. दहावीचा पाया हाच. दहावीला गणिताचे दोन्ही भाग ४०-४० गुणांचे आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचे. त्यामुळे नववीची भूमिती कच्ची राहिली तर दहावीत निम्मा लेखी पेपर जड जातो.

काय घ्यावेच लागते?

बालभारतीची पुस्तके, वह्या, प्रयोगवही, चांगली कंपासपेटी आणि एक नकाशासंग्रह. पुस्तकांवर किंमत छापलेली असते, तिची बेरीज घरीच करा. वरच्या वर्गातल्या मुलाकडून जुना संच मिळाला तर उत्तमच, फक्त अभ्यासक्रम तोच आहे ना, हे शाळेत विचारा. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत. अमुकच दुकानातून वह्या किंवा गणवेश घ्या, अशी सक्ती शाळेला करता येत नाही.

फी आणि प्रवास

शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलांची सवलत आठवीअखेर संपते. नववीची फी किती, हे आठवीत असतानाच लेखी विचारा आणि जवळच्या अनुदानित शाळेचीही चौकशी करून ठेवा. सरकारी व अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. गावात नववीचा वर्ग नसेल तर एसटीचा पास काढा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत तो मोफत मिळतो, इतर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत मिळते.

बिल कुठे वाढते?

क्लासमध्ये. महिना १,००० रुपये धरले तरी दहा महिन्यांचे १०,००० होतात. सगळ्या विषयांचा क्लास लावण्याआधी सहामाहीची उत्तरपत्रिका मुलासोबत बसून पाहा. गुण कुठे गेले? भूमितीच्या सिद्धतेत की इंग्रजीच्या पत्रलेखनात? अडचण एका विषयाची असेल तर पैसे एकाच विषयावर खर्च करा. त्याआधी वर्गशिक्षकांना भेटा. गाइड घ्यायचेच तर मूल खरोखर अडते त्या विषयाचे घ्या. तयार उत्तरे उतरवून वही भरते, पण स्वतः विचार करून लिहायची सवय लागत नाही.

पैसे मिळतातही

आठवीतली एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा चुकवू नका. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत शिकणाऱ्या, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चित्रकलेची आवड असेल तर इंटरमीजिएट परीक्षा द्यायला लावा. ‘अ’ श्रेणीला दहावीत ७, ‘ब’ला ५ आणि ‘क’ला ३ वाढीव गुण मिळतात.

नववीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ नावाचे प्रकरण आहे. ते सुरू झाले की वर्षाच्या शिक्षणखर्चाचा हिशेब मुलालाच मांडू द्या : पुस्तके, वह्या, प्रवास, फी, क्लास. आपल्या शिक्षणावर घर किती खर्च करते, हे त्याला स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आकड्यांतून कळेल. कोणता क्लास नको, हे मग त्यालाही विचारा. त्याचे उत्तर मनापासून ऐका.