दिसायला लागलं म्हणजे झालं, असं नाही

मोतीबिंदू आणि काचबिंदू, दोन्हींचं ऑपरेशन एकदमच करून घरी आलो, तर सोसायटीत जो भेटेल तो एकच विचारी, "काय अण्णा, दिसतंय ना?" दिसत होतं. अप्पर डेपोच्या बसची पाटी शेजारच्याला न विचारता वाचता येत होती. पण ही सगळी मोतीबिंदू काढल्याची कमाई. काचबिंदूचं काय झालं ते ना मला कळणार होतं, ना घरच्यांना. ते डोळ्यातलं प्रेशर मोजल्यावरच कळतं, आणि तेही काही महिने गेल्यावर. ज्यांच्या घरात हे ऑपरेशन ठरतंय त्यांनी एवढं आधीच ध्यानात घ्यावं, कारण पहिल्या आठवड्यातल्या आनंदाच्या भरातच पुढच्या तपासण्या बुडतात.

मी पुण्याच्या मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्यावर हिशेब लिहायचो. उजव्या डोळ्याला खतावणीतले आकडे धुरकट दिसायला लागले, म्हणून एका ठिकाणी दाखवलं. तपासणी होते न होते तोच एक मुलगी पॅकेजचं कार्ड घेऊन समोर बसली. भारीतली मल्टिफोकल लेन्स घ्या, चष्मा सुटेल, याच आठवड्यात तारीख आहे. प्रेशर कुणी मोजलं नाही. गाळ्याच्या पायऱ्या उतरताना खालची पायरी दिसत नाही, अंदाजानं पाय टाकतो, असं मी सांगितलं, तर उत्तर मिळालं, "वयाप्रमाणे होतं, काका." भाच्यानं हट्टानं दुसरीकडे नेलं. तिथं प्रेशर २८ निघालं, ते औषध घालायला सुरुवात केल्यावरही फारसं उतरेना. नजरेचा आवाका तपासणाऱ्या फील्ड टेस्टच्या कागदावर खालचा भाग काळा होता. मल्टिफोकल लेन्सचं नाव काढताच डॉक्टरांनी मान हलवली. ती लेन्स प्रकाश वाटून टाकते. काचबिंदूनं नस दुखावलेल्या डोळ्याला उजेड-सावलीतला फरक आधीच कमी कळतो, त्यात आणखी फिकं दिसतं. साधी लेन्स बसवली.

म्हणून मोतीबिंदूची तारीख घेण्याआधी विचारा: प्रेशर किती, नस कशी आहे, आणि डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर पडतं तो कोन उघडा आहे की बंद? कोन बघायला डोळ्यावर आरशाचं छोटं भिंग ठेवतात, दोन मिनिटांचं काम. ते महत्त्वाचं अशासाठी, की कोन बंद असलेल्यांत पुष्कळदा मोतीबिंदूच्या फुगलेल्या भिंगामुळे पाण्याची वाट अडते. त्यांच्यातल्या काहींना नुसता मोतीबिंदू काढूनही प्रेशरला चांगला उतार पडतो, दुसरं ऑपरेशन लागतंच असं नाही. माझा कोन उघडा होता आणि नुकसान बरंच झालेलं, म्हणून दोन्ही.

मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची फेको पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स केल्मन यांनी १९६७ साली आणली. काचबिंदूची ट्रॅबेक्युलेक्टमी केंब्रिजच्या केर्न्स यांनी १९६८ साली मांडली. जन्म पाठोपाठचा, पण स्वभाव उलटे. एकीची जखम लवकर भरली तर चांगलं. दुसरीची भरली, तर ऑपरेशन वाया! डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला वरच्या पापणीखाली जी वाट केलेली असते ती मोरीच्या तोंडासारखी, तिच्यावर कातडं धरू द्यायचं नाही. त्यासाठी ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन काही मिनिटं लावतात. बिलावर ते नाव वाचून भाच्यानं मोबाइलवर शोधलं आणि त्याचा चेहराच उतरला. औषध कॅन्सरचं आहे हे खरं, पण इथं काम एवढंच, की जखमेनं घाईनं भरून येऊ नये.

घरी खरी कसरत बाटल्यांची. उजव्या डोळ्याची प्रेशरची औषधं बंद, स्टिरॉइडची सुरू, तीही नुसत्या मोतीबिंदूवाल्यांपेक्षा जास्त दिवस, हळूहळू कमी करत. डाव्या डोळ्यातही काचबिंदू आहे, त्याची जुनी औषधं चालूच. पहिल्याच रात्री गोंधळ उडायला लागला, तेव्हा सौ.नं डाव्या डोळ्याच्या बाटल्यांना लाल दोरा बांधून त्या फडताळाच्या वेगळ्या खणात ठेवल्या. शेजारच्या काकूंचं मोतीबिंदूचं वेळापत्रक तुमचं नव्हे, हे त्यांना प्रेमानं पण ठामपणे सांगावं लागतं.

मग तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुखत नव्हतं, लालीही नव्हती, पेपर वाचत होतो. तपासणीला गेलो तर प्रेशर २४. पाण्याच्या वाटेवरचा टाका घट्ट बसून पाणी अडलं होतं. डॉक्टरांनी डोळ्यावर भिंग टेकवून लेझरनं टाका तोडला, बोटानं डोळा हलकेच दाबला, आणि तिथंच प्रेशर उतरलं. पुढच्या खेपेला ते ६ वर आलं होतं आणि अक्षरं पुन्हा पुसट. मी घाबरलो. थांबा, बसेल, म्हणाले. हळूहळू ते १२ वर स्थिरावलं. "सगळं ठीक चाललंय, तर रिक्षाभाडं कशाला घालवा" असा विचार ज्या दिवशी मनात येतो, नेमकी ती खेप चुकवू नये. टाका सोडायचा तो ठरावीक दिवसांतच, कातडं धरल्यावर त्याचा उपयोग राहत नाही. चष्म्याचीही घाई नको, नंबर दोन-तीन महिने हलत राहतो.

अपेक्षाही मापात हव्यात. दोन्ही एकदम केलं की एका भुलीत काम होतं, पण प्रेशर साधारणपणे नुसत्या ट्रॅबेक्युलेक्टमीइतकं खाली येत नाही. पुढे पुन्हा औषध घालावं लागलं, तर ते अपयश नव्हे. नसेचं गेलेलं परत येत नाही. माझी खालची पायरी अजूनही दिसत नाही, कठड्याला धरूनच उतरतो.

पाण्याच्या त्या वाटेवर पापणीखाली येणारी फुगी जन्मभराची. तिथली कातडी पातळ असते, जंतू आत जायला वाट मिळते, वर्षांनंतरसुद्धा. डोळा लाल झाला, चिकटा आला, दुखून अंधुक झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा; मेडिकलमधून बाटली आणून वाट बघायची नाही. डोळा चोळणं बंद. विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उडतो, तिथं मी आता गॅलरीतूनच नमस्कार करतो.

पैशाची अडचण असेल तर ससून रुग्णालयात किंवा महंमदवाडीच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयात आधी चौकशी करावी, पण ऑपरेशन लांबवू नये.

काचबिंदू घराण्यात चालतो. भावंडांना आणि चाळिशी ओलांडलेल्या मुलांना तपासून घ्यायला सांगावं. माझ्या धाकट्या भावाला काही त्रास नव्हता, तरी त्याचं प्रेशर २६ निघालं आणि औषध सुरू झालं. बहीण मात्र अजून "दिवाळी होऊ दे, मग बघू" म्हणते. तिची वेळ मीच परस्पर घेऊन ठेवली आहे.