ऑनलाइन सौर पॅनेल खरेदी : घ्यावयाची काळजी

विहिरीवरील पंपासाठी सौर पॅनेलची मागणी आता मोबाईलवरूनही नोंदविता येते. मात्र पैसे भरण्यापूर्वी विक्रेता खरा आहे का, हे तपासणे अत्यंत आवश्यक आहे. बहुतेक कंपन्या पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी 25 वर्षांची देतात. परंतु विक्रेता अधिकृत नसेल तर ही हमी कागदावरच राहते. शिवाय पंप वेळेवर न मिळाल्यास उभ्या पिकाची पाण्याची पाळी चुकते, ते नुकसान वेगळेच.

शासकीय योजनेतून घेताना

प्रधानमंत्री कुसुम योजना 2019 साली सुरू झाली. या योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून नोंदणी शुल्क उकळण्याचे प्रकार घडले आहेत. राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा 5 टक्के आहे. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरच करावा. हिश्श्याची रक्कम मागणीपत्र आल्यावर तेथेच भरावी व पुरवठादार तेथील यादीतूनच निवडावा. फोन करणाऱ्या एजंटाच्या खात्यावर एक रुपयाही भरू नये.

स्वखर्चाने घेताना

1) पॅनेल बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरील विक्रेत्यांच्या यादीत दुकानाचे नाव पाहावे. नाव नसल्यास कंपनीला फोन करून खात्री करावी.

2) विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक शासनाच्या जीएसटी पोर्टलवर तपासावा. नाव व पत्ता जुळला पाहिजे.

3) पॅनेलवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक असावा. हा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर पडताळता येतो.

4) पक्के बिल घ्यावे. बिलावर पॅनेलचे वॅट, नग व प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. बिलाशिवाय हमी मागता येत नाही.

माल आल्यावर

गाडी उभी असतानाच प्रत्येक पॅनेलच्या मागील लेबल वाचावे. कंपनीचे नाव, वॅट व अनुक्रमांक बिलाशी जुळवावेत. एकूण वॅटचा हिशेब करावा. उदाहरणार्थ, 5 अश्वशक्तीच्या पंपास सुमारे 4800 वॅटचे पॅनेल लागतात. 335 वॅटचे 15 नग घेतल्यास 5025 वॅट होतात. त्याऐवजी 12 नग आले, तर 4020 वॅटच मिळतील व पाणी कमी पडेल. लेबल खरवडलेले किंवा काच तडकलेली असल्यास तसे पावतीवर लिहून माल परत करावा व छायाचित्र काढून ठेवावे.

फसवणूक झाल्यास

ताबडतोब 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवावे व आपल्या बँकेसही सांगावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम गोठविली जाण्याची शक्यता अधिक असते.

थोडक्यात, यादीत, बिलावर व लेबलवर सर्व नोंदी जुळल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नये. बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग पाहतो, तशीच सवय पॅनेल घेतानाही लावून घ्यावी.