पाईपच्या टोकाची कथा : ठाणे-डोंबिवलीच्या वर्कशॉपमधून घेण्यासारखा धडा



ऊस विकास विभागाच्या पानावर बेणे, खते, पाणी यांऐवजी पाईपचे टोक कसे काय आले, असे आपणास वाटेल. पण उसाचे पाणी पाईपमधून येते आणि पाईप बहुधा जोडावरच दगा देतो. शेतात आता पीव्हीसी आली असली तरी विहिरीवरचे आणि पंपाजवळचे जोड पुष्कळ ठिकाणी लोखंडीच आहेत. डिलिव्हरीचा जोड गळला तर निदान डोळ्यांना दिसतो. सक्शनचा जोड सैल असला तर पाणी गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते, पंप पाणी सोडतो आणि रात्रीची वीज फुकट जाते.

मागे गाळप हंगाम संपल्यावर आम्ही ठाण्याला वागळे इस्टेट व पुढे डोंबिवली एम.आय.डी.सी. पाहून आलो. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. महामंडळ स्थापन झाले 1962 साली. डोंबिवलीत रासायनिक कारखाने पुष्कळ, त्यामुळे पाईपचे कामही पुष्कळ. आणि हे काम आज दहा नग 50 मि.मी.चे, उद्या बारा नग 80 मि.मी.चे, असे फुटकळ असते.

टोकाला नेमके काय करतात?

वेल्डिंगच्या पाईपला तीन कामे लागतात. तोंड काटकोनात सपाट करणे. बाहेरून 30 ते 37.5 अंशांचा उतार देऊन मुळाशी साधारण दीड मि.मी. सपाट कड ठेवणे. आणि आतली बर काढणे. ही तीन कामे तीन वेळा हत्यार बदलून केली तर वेळ जातो. म्हणून एकाच फिरत्या डोक्यावर तीन पाती बसवतात. एका फेरीत तिन्ही कामे होतात.

पाईप पूर्ण गोल क्वचितच असतो. बाहेरून पकडला तर कड एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ येते आणि तिथेच वेल्ड कच्चे राहते. म्हणून चांगले हत्यार पाईपच्या आत शिरून, पसरून, आतल्या भोकावरच मध्य धरते. पाते धारकाबाहेर फार लांब ठेवायचे नाही, नाहीतर ते थरथरते आणि टोकावर लाटा उठतात.

आट्यांचे तसेच. आपल्याकडील पाईपचे आटे 16 ला 1 अशा उताराचे असतात. 1 इंचापासून पुढे इंचाला 11 आटे. जुनी डाय उलटी फिरवून काढावी लागते. आपोआप उघडणारे डाय-हेड आटे पूर्ण होताच पाती मागे घेते. उलटे फिरवण्याचा वेळ वाचतो, आटेही खरवडत नाहीत.

वेग मोठा की सेटिंग?

हिशेब करून पाहू. समजा, एका टोकाला 3 मिनिटे आणि माप बदलताना सेटिंगला 40 मिनिटे लागतात. 20 टोकांना 60 अधिक 40, म्हणजे 100 मिनिटे झाली. हत्यार वेगवान करून टोकाला 2 मिनिटे केली तर 80 मिनिटे. वेग तोच ठेवून फक्त सेटिंग 8 मिनिटांवर आणले तर 68. दोन्ही केले तर 48! मात्र 400 टोके असतील तर वेगाचाच फायदा मोठा. थोड्या नगांच्या कामात सेटिंगच वेळ खाते.

ते कमी कसे होते? पाती वेगळ्या धारकात, मशीन चालू असतानाच, गेजवर लावून ठेवायची. धारक दोन पिनांवर बसला की माप आपोआप यावे, ठोकाठोक करावी लागू नये. पाईपसाठी कायमचा थांबा असावा. बोल्ट चार नकोत, एका खिटीत धारक पक्का व्हावा. डायच्या पात्यांवर 1 ते 4 आकडे असतात, ती त्याच क्रमाने बसवावीत.

जपानचे शिगेओ शिंगो यांनी हाच विचार मांडला. टोयोटात 1969 साली 1000 टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत. तो वेळ शेवटी तीन मिनिटांवर आला. मशीन बंद ठेवून करायचे काम कोणते आणि चालू असताना उरकता येणारे कोणते, हे त्यांनी आधी वेगळे केले. आपल्याला हे नवीन नाही. पाण्याची पाळी आल्यावर आपण दंड साफ करायला घेत नाही, ते आदल्या दिवशीच उरकतो!

सभासदांनी काय करावे?

1. एकट्याने चार पाईप नेण्यापेक्षा शेजारी सभासदांनी मिळून न्यावेत. मापाप्रमाणे व जाडीप्रमाणे वेगळे करून द्यावेत. पिवळा पट्टा हलका, निळा मध्यम, लाल जड. 50 मि.मी.च्या पाईपची जाडी अनुक्रमे 2.9, 3.6 व 4.5 मि.मी. असते. माप वारंवार बदलावे लागले नाही तर मजुरी कमी मागता येते.

2. टोकाला गुण्या लावून पाहावा. आत बोट न घालता काडी फिरवून बर तपासावी.

3. सॉकेट हाताने काही आटे फिरून मग घट्ट व्हावे. हातानेच शेवटपर्यंत गेले तर आटे सैल आहेत, असा पाईप परत करावा.

4. ट्रॅक्टरमधून आणताना आट्यांवर गोणपाट बांधावे.

जोड पक्का तर पाणी पुरते, पाणी पुरले तर ऊस वजन धरतो. लागणीआधीच सभासदांनी आपापले जोड तपासून घ्यावेत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी