जीभ आली तर काय करावे?



जीभ हा आपल्या शरीराचा फार उपयोगी अवयव आहे. जिभेमुळे आपल्याला चव कळते, बोलता येते आणि घास गिळता येतो. जिभेला हाड नसते असे म्हणतात. पण जिभेला दुखणे असते, हे मला या पावसाळ्यात समजले. म्हणून मी हा लेख लिहिला आहे.

आमच्या आईची जीभ आली होती. तिला तिखट सोसत नव्हते. भाकरी टोचायची, म्हणून ती पाण्यात कुस्करून खायची. मी विचारले की म्हणायची, "काय न्हाई गं, उष्णता झालीय." आज्जीने साजूक तूप लावले. तेवढ्यापुरते बरे वाटायचे, पण आग पुन्हा सुरू व्हायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मिश्री लाव." आईने दोन दिवस लावली तर आग जास्तच वाढली.

तुम्ही आपली जीभ आरशात बघा. तिच्यावर बारीक बारीक उंचवटे दिसतात. त्यांच्यामुळे जीभ खरखरीत लागते. चव ओळखणाऱ्या रुचिकलिका त्या उंचवट्यांत असतात. मी आईची जीभ बघितली तर ती गुळगुळीत आणि लालभडक होती. उंचवटे दिसतच नव्हते.

जीभ येण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांतली काही अशी :

१. फार गरम चहा किंवा कालवण तोंडात घेणे.
२. किडलेल्या किंवा तुटलेल्या दाताचे टोक जिभेला घासणे.
३. पानातला चुना, तंबाखू, मिश्री.
४. तोंड स्वच्छ न ठेवणे.
५. जेवणात लोह आणि 'ब' गटातली जीवनसत्त्वे कमी पडणे.

आईचे कारण पाचवे निघाले. ते असे समजले.

बाबा आईला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेले. मीपण गेले होते. डॉक्टरीणबाईंनी जीभ बघितली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि नखे बघितली. मग रक्त तपासले. बाईमाणसाच्या रक्तात हिमोग्लोबिन निदान १२ तरी पाहिजे. आईचे ८ भरले. बाईंनी विचारले, "घरात शेवटी कोण जेवतं?" आई गप्पच बसली. मग मीच सांगितले, "आईच. आणि तवर भाजी संपलेली असते. ती चटणी-भाकरी खाते." बाबा खाली बघायला लागले.

बाईंनी समजावून सांगितले. जिभेची कातडी सारखी झिजते आणि सारखी नवी तयार होते. नवी कातडी तयार व्हायला लोह, फोलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व लागते. ते अन्नातून मिळाले नाही की उंचवटे झिजून जातात, जीभ गुळगुळीत होते आणि तिची आग होते. रक्तही कमी होते. म्हणून नुसते वरून तूप लावून हे दुखणे जात नाही.

मी हे शाळेत सांगितले तेव्हा गुरुजींनी एक खरी गोष्ट सांगितली. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्लंडच्या डॉक्टर १९२८ साली मुंबईला आल्या होत्या. तिथे गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना पंडुरोग म्हणजे रक्त कमी होण्याचा रोग व्हायचा. त्यांचे खाणे निकस होते. ल्यूसीबाईंनी त्यांना यीस्टचा अर्क दिला. यीस्ट म्हणजे ज्याने पाव फुगतो ते. त्याने बायका बऱ्या झाल्या. हे त्यांनी १९३१ साली छापून प्रसिद्ध केले. पुढे १९४१ साली तोच गुण असलेला पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा काढला. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून त्याचे नाव फोलिक आम्ल पडले.

आता उपाय लिहिते.

आग कमी होण्यासाठी :
१. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात. ते पाणी गिळू नये.
२. तिखट, आंबट आणि फार गरम खाऊ नये. दूधभात, मऊ खिचडी, गार दूध घ्यावे.
३. तंबाखू आणि मिश्री बंद करावी. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने तोंडाचा कर्करोग होतो.

मूळ दुखणे जाण्यासाठी :
१. मेथी, पालक, शेवग्याचा पाला, मटकी, हरभरा खावा. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. फार वेळ शिजवू नये. शिजवलेले पाणी फेकू नये.
२. ब-१२ पालेभाजीत नसते. त्यासाठी दूध, दही, अंडी, मासे किंवा मटण खावे.
३. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर रोज घ्याव्यात. गोळीबरोबर चहा पिऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. गोळीने शौचाला काळे होते, त्याला भिऊ नये.

जिभेवरची जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, गाठ लागली किंवा न जाणारा पांढरा अगर लाल डाग दिसला, तर लगेच दवाखान्यात दाखवावे. जीभ एकाएकी सुजून श्वास घ्यायला त्रास झाला, तर घरी थांबूच नये.

आईने गोळ्या घेतल्या आणि मिश्रीची डबी काकूंना परत दिली. काकूंना मी सगळे सांगितले. त्या हसल्या, पण डबी अजून त्यांच्या कोनाड्यात आहे. आईची जीभ आता पुष्कळ बरी आहे. गोळ्या अजून चालू आहेत. आमच्या घरी आता आधी आईच्या वाटणीची भाजी काढून ठेवतात. ते काम माझे आहे. रात्री आम्ही सगळे एकाच पंगतीला बसतो.

तुम्हीपण आज घरी गेल्यावर आपल्या आईची जीभ बघा. आणि ती जेवायला बसली की तिच्या ताटात काय आहे तेपण बघा.

— इयत्ता ४ थीतील एक विद्यार्थिनी